१६,००० टनांत १२ तोफा, १२ इंची पट्टा आणि २३ नॉट्स बसवायचेत, कुठे चुकतंय?

गंगापूररोडचा_गुराब

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, चहा घेऊन बसा.

एक दीर्घकथा लिहितोय, दिवाळी अंकाला द्यायची असं डोक्यात आहे, घेतील न घेतील तो पुढचा विषय. कथा अशी की १७५६ ला विजयदुर्ग पडलाच नाही. म्हणजे पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांचं आरमार बुडवायचा जो उद्योग केला तो माझ्या कथेत होतच नाही, त्यामुळे आरमार टिकतं, गुराबा-गलबतांवरून हळूहळू वाफेवर येतं आणि १९०८ साली विजयदुर्गाजवळच्या वाघोटन खाडीत मराठ्यांची पहिली मोठी युद्धनौका बांधायला घेतात. नाव 'सुवर्णदुर्ग'.

आता दरबाराचा हुकूम आहे की १६,००० टनांच्या वर एक टन जाता कामा नये. कारण एक तर तिजोरी, आणि दुसरं म्हणजे गोदी आणि खाडीची खोली, त्याच्या पलीकडचं जहाज बाहेरच निघणार नाही. मला जहाज पाहिजे असं: १२ इंची १२ तोफा (दोन-दोनच्या सहा टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या चिलखती खोल्यांमध्ये, एक पुढे एक मागे आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन), पाण्याच्या रेषेवर १२ इंच जाड पोलादी पट्टा, वेग २३ नॉट्स (तासाला २३ सागरी मैल). लांबी १४० मीटर, रुंदी २४, पाण्याखालची खोली ८.

स्प्रिंगशार्प म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात हे सगळं टाकलं तर जहाजाची ताकद १ च्या वर यायला पाहिजे ती ०.६ च्या आसपास येतेय आणि खाली लाल अक्षरात काहीबाही सुनावतंय. तोफा कमी करायला जीव होत नाही. रूममेट म्हणतो कथाच आहे ना, ठोक की काहीपण, कोण मोजायला बसलंय. पण मला माहितीये इथे मोजणारे बसलेत.

ओझर_निवृत्त

गुराबराव, मोजणारे बसलेत हे बरोबर ओळखलंत.

मी ओझरच्या विमान कारखान्यात बरीच वर्षं वजनाच्याच हिशोबात काढली. तिथे आम्ही किलोवरून भांडायचो, तुम्ही टनांवरून भांडताय, भांडण तेच. सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि कागदावर जमाखर्च मांडा, घरखर्चाचा मांडतो तसा. पगार १६,०००. आता खर्च.

आधाराला खरं जहाज घेऊ, ब्रिटिशांची १९०६ ची ड्रेडनॉट. तिचं नेहमीच्या भारातलं वजन साधारण १७,९०० टन, त्यात सांगाडा ६,१००, चिलखत ५,०००, तोफा-दारूगोळा ३,१००, इंजिनं-बॉयलर सुमारे २,०००, कोळसा ९०० (पोटात मावायचा तिप्पट, पण हिशोबात एवढाच धरलेला), बाकी नांगर-साखळ्या-होड्या-माणसं-रसद ६५०. आणि राखीव म्हणून फक्त १०० टन ठेवलेले, हे वाचून मला आजही घाम फुटतो.

आता तुमची 'सुवर्णदुर्ग'. सांगाडा एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त जातो, म्हणजे ५,४५०. यात काटकसर करायला जाऊ नका, करणारे पस्तावलेत. ड्रेडनॉटला पाच टरेट, दारूगोळ्यासकट ३,१०० टन, म्हणजे एका टरेटमागे ६२० टन. तुमच्या सहा टरेटचे झाले ३,७००. इंजिनाचं गणित असं की वेग वाढवला की ताकद घनात वाढते. ड्रेडनॉटला २१ नॉट्ससाठी २३,००० अश्वशक्ती लागायची. तुमचं जहाज हलकं आहे म्हणून २१ नॉट्सला २१,००० च्या थोडं वर पुरेल, पण २३ म्हणालात की तीच २८,००० वर गेली. दोन नॉट्ससाठी जवळपास एक तृतीयांश जास्त! त्याचं वजन २,४५० टन, आणि हे सुद्धा पार्सन्सची वाफेची टर्बाइन घेतली तर. किरकोळ सामान ६००. कोळसा ९००.

बेरीज केली? १३,१००. चिलखताला उरले २,९००.

आता एक सूत्र पाठ करून ठेवा: एक इंच जाड पोलादाचा एक चौरस मीटर म्हणजे २०० किलो. तुमचे टरेट सगळीकडे पसरलेले, म्हणून पट्टा निदान १०० मीटर लांब, ४ मीटर उंच, दोन्ही बाजू धरून ८०० चौरस मीटर, १२ इंच. १,९२० टन झाले. त्याच्यावर २ इंची चिलखती डेक, १०० बाय २४ मीटर, ९६० टन. डेक पातळ दिसतो म्हणून लोक विसरतात पण क्षेत्रफळ केवढं असतं ते बघा.

उरले २० टन. त्या २० टनांत सहा बार्बेटची चिलखती विहीर (टरेट ज्यावर फिरतं ती), टरेटचे पुढचे जाड पत्रे, कप्तानाचा चिलखती मनोरा, पुढच्या-मागच्या आडव्या भिंती, सगळं बसवा. बसलं तर मला कळवा, मी ओझरहून येऊन तुमचा सत्कार करतो.

देवळालीचा_तोफची

काका बरोबर बोलले पण मुख्य घोळ वेगळाच आहे भो. तुला १२ तोफा पाहिजेत पण एका बाजूला मारायला किती मिळणार ते मोजलंस का?

बाजूंच्या चार टरेटमधले दोन उजवीकडचे, ते उजवीकडेच मारणार, शत्रू डावीकडे असेल तर ते दोन टरेट नुसते ओझं वाहायला. म्हणजे एका वेळी आठ. जर्मनांच्या नासाऊ जहाजांची हीच मांडणी होती, बारा तोफा आणि एका बाजूला आठ. आणि ड्रेडनॉटवर दहा होत्या तरी एका बाजूला आठच. आता अमेरिकनांचं साउथ कॅरोलिना बघ, त्यांच्या काँग्रेसनेच १६,००० टनांची मर्यादा घातलेली, म्हणजे तुझ्या दरबारासारखीच. त्यांच्या वॉशिंग्टन कॅप्स नावाच्या मुख्य आरेखकाने काय केलं, चार टरेट, सगळे मधल्या रेषेवर, पुढच्या दोघांतलं मागचं उंचावर, त्याने पुढच्याच्या डोक्यावरून मारायचं, मागेही तसंच. एकूण तोफा आठ, आणि एका बाजूला आठ! नासाऊच्या बाराएवढंच काम आठमध्ये. दोन टरेट म्हणजे काकांच्या हिशोबाने १,२४० टन आणि वर दोन बार्बेटचं चिलखत वाचलं. मग उगाच जीव कशाला अडकवतो बाराच्या आकड्यात.

एक गोष्ट मात्र कथेत नीट टाक. एकावर एक टरेट लावलं की वरच्याचा भडका खालच्याच्या डोक्यावर. ब्रिटिशांच्या टरेटना छताला पुढच्या बाजूला नेम धरायच्या झाकण्या असायच्या, वरच्या टरेटने सरळ पुढे मारलं तर खालच्या माणसाचे कान आणि डोळे दोन्ही गेले. म्हणून ते बरीच वर्षं वरच्या टरेटला सरळ पुढे मारू द्यायचे नाहीत. तुझ्या आरमाराने झाकण्या बाजूला घेतल्या असं दाखव, एवढ्यावर एक अख्खा प्रसंग निघेल, जुना खलाशी आणि नवा अभियंता यांच्या भांडणाचा.

अजून एक, आकड्यांचा अंदाज यावा म्हणून. बोफोर्सचा १५५ मिलीमीटरचा गोळा साधारण ४३ किलो, दोन जण उचलतात तरी दिवस संपेपर्यंत पाठ बोलायला लागते, मी उचललेत. ड्रेडनॉटच्या १२ इंची तोफेचा एक गोळा ३८६ किलो. म्हणजे बोफोर्सचे नऊ. आणि एका तोफेमागे असे ८० गोळे, म्हणजे एका तोफेचे नुसते गोळेच ३१ टन, दारू वेगळी. तू तोफ वाढवतो म्हणजे नळी वाढवत नाहीस, तिचं अख्खं खटलं घरात घेतोस.

गंगापूररोडचा_गुराब

लगेच आठवर आणून ठेवलंत 😭

बरं एक शेवटचा प्रयत्न. तीन-तीन तोफांची टरेट लावली तर? चार टरेट, बारा तोफा, सगळ्या मधल्या रेषेवर, साउथ कॅरोलिनासारख्या. टरेटची संख्या वाढत नाही, बार्बेट चारच. हे चालेल का नाही?

जुनी_जहाजं

चालेल, आणि तसं बांधलंही होतं. इटालियनांची दांते अलिगिएरी, तीन-तीनच्या चार टरेट, सगळ्या मधल्या रेषेवर, पण सगळ्या एकाच पातळीला. ऑस्ट्रिया-हंगेरीने तर चारही टरेट दोन-दोन करून एकावर एक बसवली, विरिबुस युनिटिस आणि तिच्या बहिणी, बारा १२ इंची तोफा आणि वजन साधारण २०,००० टन. तेव्हाच्या जगात एवढ्या वजनाला एवढ्या तोफा म्हणजे कमालच, फोटोत जहाज दिसतंही देखणं.

पण त्यातली एक बहीण सेंट इश्तवान, १० जून १९१८ ला पहाटे एका छोट्या इटालियन मोटारबोटीने दोन टॉर्पेडो मारले आणि तीनेक तासांत पालथी. चित्रफीत आहे त्याची, माणसं मुंग्यांसारखी पोटावर चढताना दिसतात. रुंदीला बेताची, पाण्याखालचा बचाव बेताचा, वजन वर. आणि हे २०,००० मध्ये. तुझ्याकडे १६,००० आहेत.

बाय द वे तुझी मूळ मागणी वाचून मला क्युनिबर्टी आठवला. इटालियन नौदलाचा आरेखक, त्याने १९०३ साली ब्रिटिशांसाठी आदर्श युद्धनौका म्हणून लेख लिहिला, त्यात १७,००० टन, १२ इंची १२ तोफा, १२ इंची पट्टा आणि २४ नॉट्स! म्हणजे तू एकटाच हावरट नाहीस. तीन वर्षांनी ब्रिटिशांनी प्रत्यक्षात बांधली तेव्हा १८,००० च्या आसपास जाऊन दहा तोफा, ११ इंच आणि २१ नॉट्स मिळाले. कागदावरच्या आणि गोदीतल्या जहाजात हा एवढा फरक.

तुझ्या कथेला सगळ्यात जवळचं खरं जहाज मात्र स्पेनचं आहे. एस्पान्या. त्यांच्याकडेही पैसा नव्हता आणि गोद्या लहान, म्हणजे अगदी तुझा दरबार. १५,७०० टन, लांबी १४० मीटर, रुंदी २४ (तुझेच आकडे निघाले!), आठ १२ इंची तोफा, वेग साडेएकोणीस, आणि पट्टा फक्त ८ इंच. ड्रेडनॉटच्या धर्तीवरच्या जगातल्या सगळ्यात लहान युद्धनौका त्याच. बांधल्या, चालल्या. पट्ट्यात कापून घेतलं त्यांनी, अमेरिकनांनी वेगात कापलं, साउथ कॅरोलिना जेमतेम साडेअठरा नॉट्स. कुठे कापायचं ते आधी ठरव, तोफांचं नंतर बघू.

सिडकोतला_कोकण्या

मी देवगडचा, पोटापाण्यासाठी नाशकात, त्यामुळे विजयदुर्ग म्हटल्यावर बोलणं आलंच.

तुम्ही सगळे तोफा नि पत्रे मोजताय पण ह्या जहाजाने समुद्र कुठला बघायचाय? आमच्याकडे आषाढात होड्या किनाऱ्यावर ओढतात नि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोणी बाहेर काढत नाही. आंग्र्यांची गलबतंसुद्धा पावसाळ्यात खाडीत घेत असत. गुराब ओढून घेशील, १६,००० टन कुठे ओढणार? ती पावसाळ्यात बाहेरच उभी राहणार, म्हणजे पुढची बाजू पाण्यापासून उंच पाहिजे. उंच बाजू म्हणजे पत्रा, पत्रा म्हणजे वजन, आणि ते पण वरचं.

अमेरिकनांनी साउथ कॅरोलिनाच्या आधी १३,००० टनांच्या मर्यादेत मिसिसिपी आणि आयडाहो बांधल्या होत्या. बुटक्या, १७ नॉट्सच्या, समुद्रात पाणी डोक्यावरून जायचं. इतक्या नकोशा झाल्या की १९१४ ला ग्रीसला विकून टाकल्या. म्हणून गुराबभाऊ पुढचा डेक एक मजला उंच घे, मागे खाली उतरव, निम्म्या लांबीपर्यंत. वजन कमी लागतं नि रत्नागिरीच्या लाटा झेपतील.

आणि वाघोटन खाडी लिहिताना गिर्ये गाव विसरू नको, जुनी गोदी तिथेच आहे, आजही बघायला मिळते. त्या गोदीत ८ मीटर खोलीचं जहाज मावणार नाही हे मात्र उघड आहे, तिथे नवी गोदी खणली असं आधीच्या प्रकरणात टाक.

सातपूर_फॅब्रिकेशन

इथे सगळे इतिहासाचे लोक दिसतायत, मी आपला पत्रा कापणारा माणूस. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी गुणिले ७.८५, आयुष्य ह्याच्यात गेलं. काकांचा एका इंचाला २०० किलो एकदम करेक्ट.

पण गणितात नसलेलं एक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका कंपनीला मशीन बनवून दिलं, त्यांच्या शेडमध्ये क्रेन ५ टनी. ड्रॉइंगवर मशीन ४.६ टन, मी स्वतः बेरीज केलेली, खुशाल सही केली. डिस्पॅचच्या दिवशी वजनकाट्यावर ५.३. सातशे किलो आले कुठून? तर पत्रा मिलमधून किंचित जाडच येतो, वेल्डिंगचं भरण कोणी धरतच नाही, मधे इन्स्पेक्शनवाल्याने चार गसेट वाढवायला लावले, गार्ड नंतर आले, केबल ट्रे, हायड्रॉलिक टाकीतलं तेल, आणि रंग!! रंगाचे तीन हात. दोन दिवस हायड्रा (फिरती क्रेन) भाड्याने आणली, पैसे आमच्या खिशातून, आणि शेठ माझ्याकडे जे बघत होता ते अजून आठवतं.

तेच जहाजाचं. कॅप्टन नावाचं ब्रिटिश जहाज गुगल करा. पाण्यापासून बाजूची उंची ८ फूट ठरलेली, बांधून झाल्यावर साडेसहा भरली, कारण गोदीत वजन वाढतच गेलं आणि कोणी काट्यावर ठेवलं नाही. सप्टेंबर १८७० मध्ये रात्री वादळात उलटली, पावणेपाचशे माणसं गेली, आणि ज्याने ती आखली तो कोल्स पण जहाजावरच होता.

गुराब, तुला एक फुकटचा काटा देतो. १:२०० चं मॉडेल कर. लांबी ७० सेंटीमीटर होईल. २०० चा घन ८० लाख, म्हणून १६,००० टन म्हणजे बरोब्बर २ किलो. दोन किलो साखर. सनबोर्डचं कर, टरेट एम-सीलचे, प्रत्येक तुकडा काट्यावर ठेवून लाव. ८ ग्रॅम जास्त झाले म्हणजे ६४ टन वाढले. मग कळेल दरबाराला काय तोंड दाखवायचं ते.

गंगापूररोडचा_गुराब

शनिवार-रविवार दोन्ही ह्याच्यात गेले. घरचे बोलत नाहीयेत.

मॉडेल केलं. आईचा किचनचा काटा, २ किलोच्या वर गेलं की एरर दाखवतो म्हणून शेवटी कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याकडे नेलं, त्याने पण कौतुकाने मोजून दिलं, २ किलो ३०० ग्रॅम. म्हणजे १८,४०० टन. अजाणता ड्रेडनॉट बांधून बसलो की मी!! आणि मी तर काटेकोर होतो असं वाटत होतं, सेलोटेप आणि फेविकॉल ह्याचं वजन कोण धरतो. (सातपूरकर, तुमचा रंगाचा तीन हातांचा मुद्दा मान्य.)

मग पुतण्याच्या अंघोळीच्या टबात सोडलं. दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे पट्टा लाल स्केचपेनने रंगवलेला, त्याची वरची कड पाण्याच्या वर पाऊण सेंटीमीटर राहायला पाहिजे होती, राहिली जेमतेम पाव. अर्धा सेंटीमीटर खाली म्हणजे खऱ्या जहाजात एक मीटर! आणि दुसरं म्हणजे उंचावरची दोन टरेट लावल्यावर बोटाने जरा ढकललं की एकदम आळसावल्यासारखं एका कुशीवर जायचं आणि परत यायला वेळ घ्यायचं. पुतण्या म्हणाला काका ह्याला झोप आलीये.

वरच्या टरेटचा स्टूल ५ मिलीमीटर कापला, रुंदी दोन्ही बाजूंना सनबोर्डची पट्टी चिकटवून थोडी वाढवली, आणि काय काय काढता येईल ते काढलं. परत फरसाणवाला. २ किलो ४० ग्रॅम. तो म्हणाला चाळीस ग्रॅम राहू द्या, शेव समजा.

नवीन मागणी काकांच्या पद्धतीने मांडतो, तपासा. आठ तोफा चार टरेट २,५००. वेग साडेएकोणीस केला, १७,००० अश्वशक्ती, १,५०० टन. सांगाडा ५,४५०, सामान ६००, कोळसा ९००. झाले १०,९५०. चिलखताला ५,०५०! आधी २,९०० होते. पट्टा १० इंच आणि टरेट जवळ आल्यामुळे ८५ मीटर पुरतो, १,३६० टन. डेक ८२०. बार्बेट चार, एकेक ३०० धरून १,२००. बाकी टरेटचे पत्रे, मनोरा, भिंती, टोकांचा पातळ पट्टा ह्याला १,२७० ठेवले. उरले ४००, ते राखीव.

तोफा आठ झाल्याचं दुःख आहे पण स्पेनपेक्षा माझा पट्टा २ इंच जाड आहे, ह्याचा अभिमान.

ओझर_निवृत्त

शाब्बास. हिशोब जमतोय, बार्बेटचं उंचावरच्या टरेटला थोडं जास्त धरा, ३०० त्याला पुरणार नाही, खालच्याला कमी लागेल.

दोन बारीक गोष्टी. तेव्हाचा टन म्हणजे ब्रिटिश लाँग टन, १,०१६ किलो. तुमचा दरबार कुठला टन धरतो?

दुसरं, १६,००० टन कुठल्या अवस्थेतले ते हुकूमनाम्यात स्पष्ट लिहा. ९०० टन कोळशातले की पोट भरून? ड्रेडनॉट कोळसा-पाणी गच्च भरून निघाली की तिचा ११ इंची पट्टा जवळपास फूटभर पाण्याखाली जायचा, म्हणजे ऐन लढाईत पातळ चिलखतच वर. सगळ्या आरमारांनी ह्या वाक्यात पळवाट काढलेली आहे. १९२२ च्या वॉशिंग्टन तहात तर ३५,००० टनांची मर्यादा घातली ती इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी वगळून, मग जो तो वगळलेल्या गोष्टींकडे डोळे लावून बसला.

गंगापूररोडचा_गुराब

लाँग टन!! म्हणजे मेट्रिकमध्ये १६,२५६. काका तुम्ही मला २५६ टन फुकट दिले. फरसाणवाल्याची ३२ ग्रॅम शेव वसूल. 😄

ओझर_निवृत्त

दिले नाहीत, दाखवले. आणि पत्र्याचे २०० किलो मेट्रिकमधलेच होते, त्यामुळे पूर्ण खुश होऊ नका.

जुनी_जहाजं

एक प्रश्न राहिला, १० इंची क्रुप चिलखत (जर्मन क्रुप कंपनीच्या पद्धतीचं कडक पोलाद) आणणार कुठून? टाटांचं साकचीला (आजचं जमशेदपूर) पहिलं पोलाद निघालं ते १९१२ ला, आणि ते पण साधं, चिलखताचं नव्हे. १९०८ ला जहाज घेताय म्हणजे पट्टा आयातच. जर्मनीकडून घेतला की इंग्रज चिडणार, इंग्रजांकडून घेतला की ते कधी पाठवतील त्याचा भरवसा नाही. कथेला खलनायक पाहिजे असेल तर हा बसलाय.

सिडकोतला_कोकण्या

आणि पट्टा बोटीने येणार नि नेमका जूनमध्ये येणार, लिहून ठेव. कस्टममध्ये नाही अडकला तर वाऱ्यात अडकेल.

गंगापूररोडचा_गुराब

हे सगळं घेतोय. कथेत मुख्य आरेखक एक बाई ठेवलीये, तिने ते ४०० टन राखीव दरबाराला सांगितलेच नाहीत, 'किरकोळ सामान' ह्या रकान्यात लपवून ठेवलेत, असं करतो. मागे एका ऑफिसात आमच्या साहेबांनी बजेटात हेच केलेलं बघितलंय त्यामुळे लिहायला सोपं जाईल.

देवळालीचा_तोफची

लपव लपव. पण सरखेल (आरमाराचा प्रमुख) पहिल्याच पाहणीला येऊन विचारणार, बाई, किरकोळ सामान हजार टन? मग तेवढ्यात अजून दोन तोफा बसतील की.